धारवाडची तिसावी टोळी: हुप्प्या बदलतो तेव्हा पिल्लांचं काय होतं

धारवाडहून हल्याळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सागाचं पानझडी जंगल लागतं. १९६१ ते १९६३ या काळात या जंगलात आणि रस्त्याकडेच्या झाडीत काही संशोधक वानरांच्या मागे फिरत होते. प्रकल्प जपान आणि भारत यांचा संयुक्त होता. क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा, त्यांचे सहकारी योशिबा आणि भारतीय संशोधक एम. डी. पार्थसारथी ही त्यातली प्रमुख नावं. त्यांनी टोळ्यांना क्रमांक दिले होते. यातल्या तिसाव्या टोळीत १९६२ साली जे घडलं, त्याचा अर्थ लावायला पुढे जवळपास चाळीस वर्षं लागली.

तिसाव्या टोळीत एकच मोठा नर होता, म्हणजे आपल्या भाषेत हुप्प्या. बाकी सगळ्या माद्या, त्यांची पोरं आणि पोटाशी चिकटलेली तान्ही पिल्लं. एके दिवशी सात नरांचा एक जथा या टोळीवर चालून आला. मारामारी झाली, जुना नर हुसकावला गेला. पण सात जणांनी मिळून टोळी सांभाळली, असं झालं नाही. त्यांच्यातल्याच एकाने बाकीच्यांना हाकलून दिलं आणि टोळीचा ताबा घेतला. इथपर्यंत फारसं नवल नाही; नरांनी आपसात लढणं सर्वांच्या ओळखीचं होतं. पण ताबा घेतल्यावर हा नवा हुप्प्या पिल्लांवर उलटला. आईच्या अंगावरच्या पिल्लाला तो चावे घेऊ लागला. जखमा झालेली पिल्लं मरू लागली, काही दिसेनाशी झाली, आणि थोड्याच काळात टोळीत अंगावर पिणारं एकही पिल्लू उरलं नाही. ज्यांची पिल्लं गेली त्या माद्या लवकरच पुन्हा माजावर आल्या आणि त्याच नराशी त्यांचा संयोग झाला.

सुगियामांना ही घटना टिपता आली याचं मोठं कारण त्यांच्या कामाच्या रीतीत आहे. किंजी इमानिशी यांनी क्योटोत जी परंपरा घालून दिली होती, तिचा पहिला नियम असा की टोळीतला प्रत्येक प्राणी वेगळा ओळखायचा. कोणाचा कान फाटलेला, कोणाच्या शेपटीला बाक, कोणाच्या ओठावर डाग. ही ओळख झाली की मग महिनोन् महिने मागे राहायचं. जो माणूस टोळीकडे ‘वीस वानरं’ म्हणून पाहतो, त्याला चार पिल्लं कमी झाल्याचं कळेल, पण कोणाचं पिल्लू कोणत्या दिवसानंतर दिसलं नाही आणि तेव्हा टोळीत कोणता नर होता, हे त्याला सांगता येणार नाही. या प्रकरणातला सगळा पुरावा अशा साध्या, चिकाटीच्या नोंदींवर उभा आहे.

त्यानंतर सुगियामांनी एक धाडसी प्रयोग केला. दुसऱ्या एका टोळीतला एकुलता एक नर त्यांनी पकडून बाजूला काढला. टोळी रिकामी दिसताच शेजारचा नर तिथे आला आणि त्यानेही तिथली पिल्लं मारली. हा प्रयोग वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. आजच्या नियमांत तो बसेल असं वाटत नाही. पण त्याने एक गोष्ट पक्की केली: तिसाव्या टोळीतला नर एखादा माथेफिरू नव्हता.

वानरांचा संसार

पुढचा वाद समजायचा तर वानरांचा संसार कसा चालतो ते माहीत हवं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं हे वानर लाल तोंडाच्या माकडापेक्षा पुष्कळ वेगळं. ते मुख्यतः पानं खातं. त्याचं पोट अनेक कप्प्यांचं असतं आणि त्यातले जिवाणू पानं आंबवून पचवतात. म्हणूनच ज्या कडू, राठ पानांना माकड तोंड लावत नाही, ती वानर तासन् तास चघळत बसतं. पूर्वी भारतभरातली सगळी वानरं एकाच जातीची मानत. आता त्यांच्या अनेक जाती धरतात.

टोळी खरी असते ती माद्यांची. मुलगी जन्मली त्याच टोळीत वाढते, तिथेच आई होते, तिथेच म्हातारी होते. त्यामुळे टोळीतल्या माद्या एकमेकींच्या आया, बहिणी, मावश्या, आज्या असतात. नर मात्र वयात येता येता बाहेर पडतो किंवा त्याला बाहेर काढलं जातं. असे बाहेर पडलेले नर जथा करून हिंडतात आणि एखाद्या टोळीवर ताबा मिळवायची संधी शोधत राहतात. पहाटे जंगलातून घुमणारा ‘हुप्प’ हा आवाज आणि त्यासोबत फांद्या हलवत मारलेल्या त्या प्रचंड उड्या बऱ्याच अंशी या बाहेरच्या नरांना दिलेला इशारा असतात.

मादीच्या गर्भारपणाचा काळ सुमारे साडेसहा महिने. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं अंग काळसर तपकिरी असतं, आईच्या राखाडी रंगावर ते लांबूनही उठून दिसतं. जन्मानंतर काही तासांतच टोळीतल्या इतर माद्या त्याला हातात घ्यायला पुढे सरसावतात. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असं पिल्लू फिरत राहतं. आई त्या वेळात निवांत पानं खाते. वयात येऊ घातलेल्या पोरी यात सर्वांत पुढे. त्यांना पिल्लू धरता येत नसतं, कधी उलटं धरतात, पिल्लू किंचाळतं, मग कोणीतरी जाणती मादी ते काढून घेते. माकडांमध्ये हे क्वचितच दिसतं. मकाक, म्हणजे लाल तोंडाच्या माकडाच्या गटातली आई नवजात पिल्लाला सहसा दुसरीच्या हाती देत नाही.

पिल्लू पाजणारी मादी कित्येक महिने माजावर येत नाही. सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे.

पहिलं उत्तर: गर्दीने बिघडलेले प्राणी

सुगियामांनी १९६५ साली आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या वाचून बहुतेक अभ्यासकांना वाटलं की हा काहीतरी बिघाड आहे. असं वाटण्याला त्या काळी कारणंही होती. फिलिस जे या अमेरिकन संशोधिकेने १९५०च्या दशकाच्या शेवटी उत्तर प्रदेशातल्या कौकोरी आणि बस्तरातल्या ओरछा इथे वानरांचा अभ्यास केला होता. तिथल्या टोळ्यांत अनेक नर होते, भांडणं कमी होती, आणि पिल्लांना कोणी इजा करताना दिसलं नव्हतं. तिने रंगवलेलं चित्र शांत, निवांत समाजाचं होतं. ते खोटं नव्हतं. तिने जे पाहिलं ते तसंच होतं.

शिवाय प्राण्यांचं वागणं जातीच्या किंवा समूहाच्या भल्यासाठी असतं, ही समजूत तेव्हा फार रुजलेली होती. नर टोळीचा रक्षक, तो टोळीसाठी लढतो, असं सगळीकडे लिहिलेलं असे. त्या चौकटीत पिल्लं मारणारा नर बसवायचा कुठे? त्याच सुमारास, १९६२ मध्ये, जॉन कॅल्हून यांनी उंदरांवरचा प्रसिद्ध प्रयोग मांडला होता. बंदिस्त जागेत दाटी वाढली की उंदीर विकृत वागू लागतात, आया पिल्लांकडे दुर्लक्ष करतात, असं त्यातून दिसलं. धारवाडच्या आसपास वानरांची संख्या दाट होती. दोन गोष्टींची सांगड बसली: गर्दी झाली, ताण वाढला, नर बिघडले. सुगियामांनी स्वतःही या घटनेचा संबंध टोळ्यांच्या दाटीशी जोडला होता.

हे उत्तर सोपं आहे, आणि मला वाटतं म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. विकृती म्हटलं की पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही. पण बारकाईने पाहिलं तर ते पहिल्याच घटनेत अडखळतं. गर्दीने डोकं फिरलेला नर समोर येईल त्याला चावला असता. तिसाव्या टोळीतल्या नराने निवडून अंगावर पिणारी पिल्लं मारली, आणि तीही टोळीत आल्या आल्या. पुढे त्याच टोळीत त्याला स्वतःची पिल्लं झाली असतील तेव्हा दाटी काही कमी झालेली नव्हती.

अबूच्या डोंगरावर

सारा ब्लाफर हर्डी हार्वर्डमध्ये शिकत होत्या. दाटीचा आणि पिल्लूहत्येचा संबंध तपासायचा म्हणून १९७१ च्या उन्हाळ्यात त्या राजस्थानात माउंट अबूला आल्या. गर्दीचं उत्तर बरोबर असावं, अशा समजुतीने आलेली ही तरुण संशोधिका १९७५ पर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिली. बाजारातली टोळी, डोंगरउतारावरची टोळी, शाळेजवळची टोळी अशा अनेक टोळ्यांच्या तिने नोंदी ठेवल्या.

एकेका टोळीची नोंद जुळवल्यावर तिला दिसलं ते असं. पिल्लं नाहीशी होण्याचा काळ टोळीतल्या वानरांच्या संख्येशी जुळत नव्हता. तो जुळत होता नर बदलण्याशी. बाहेरचा नर आत आला की पिल्लं जात. जुनाच नर टिकून असला की टोळी कितीही दाट असो, पिल्लं वाढत. राजस्थानातच जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही १९७१ मध्ये अशाच घटना नोंदवल्या होत्या.

हर्डींनी १९७४ मध्ये मांडलेला विचार असा: हा बिघाड नसून नराला यातून संततीचा फायदा होतो. तो फायदा कसा, हे आकड्यांत पाहिलं तर जास्त स्पष्ट होतं. अबूला आणि पुढे जोधपूरलाही एका नराचा टोळीवरचा ताबा सरासरी सव्वादोन वर्षांच्या आसपास टिकतो असं दिसलं. म्हणजे साधारण सत्तावीस महिने. जोधपूरसारख्या ठिकाणी, जिथे लोक वानरांना खाऊ घालतात, दोन बाळंतपणांत सोळा-सतरा महिन्यांचं अंतर असतं. त्यातले साडेसहा महिने गर्भारपणाचे वजा केले, तर पिल्लू दहा महिन्यांच्या आसपास झाल्यावर मादी पुन्हा गाभण राहते.

आता नवा नर आला तेव्हा मादीच्या अंगावर दोन महिन्यांचं पिल्लू आहे असं समजा. तो थांबला तर आठ महिने वाट पाहणं आणि साडेसहा महिने गर्भारपण, म्हणजे त्याचं पिल्लू जन्मेल साडेचौदाव्या महिन्यात. सत्तावीस महिन्यांनी त्याची हकालपट्टी होईल तेव्हा ते जेमतेम वर्षाचं असेल आणि पुढच्या नवख्या नराच्या तावडीत सापडण्याची भीती उरेल. त्याने आधीच्या नराचं पिल्लू मारलं, तर मादी थोड्याच दिवसांत माजावर येते, पिल्लू आठव्या महिन्याच्या सुमाराला जन्मतं, आणि त्याला दीड वर्षाहून जास्त काळ बापाचं संरक्षण मिळतं. जंगलातल्या, माणसाने न पोसलेल्या टोळ्यांत बाळंतपणांतलं अंतर याहून पुष्कळ मोठं असतं, म्हणजे तिथे थांबण्याची किंमत आणखी जास्त. हे गणित नराने मनात मांडायची गरज नाही. असं वागणाऱ्या नरांची पिल्लं पिढ्यान् पिढ्या जास्त जगली, एवढं पुरे होतं.

यातून मोठी कलाटणी मिळाली ती अशी की ‘टोळीचं भलं’ हा शब्दच निकामी ठरला. नराचं भलं वेगळं, मादीचं वेगळं, पिल्लाचं वेगळं. टोळीच्या दृष्टीने पाहिलं तर ही घटना निव्वळ नुकसानीची आहे. एकेका प्राण्याच्या दृष्टीने पाहिलं की तिचा अर्थ लागतो.

सोल आणि पॉलेस

माझ्या मते या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा भाग नरांबद्दलचा नाहीच. तो माद्यांबद्दलचा आहे, आणि लोकप्रिय लिखाणात तोच गाळला जातो.

अबूच्या डोंगरउतारावरच्या टोळीत सोल नावाची एक म्हातारी मादी होती. तिला बरेच दिवस पिल्लू झालेलं नव्हतं. खाण्याच्या जागेवरून तरण्या माद्या तिला हटवत, ती टोळीच्या कडेकडेने राही. दुसरी पॉलेस, तिच्या एका हाताला पंजा नव्हता. नराने पिल्लावर झडप घातली तेव्हा या दोघी मध्ये पडल्या. दात विचकून, अंगावर धावून जात त्यांनी नराला अडवलं आणि पिल्लू सोडवलं. नर मादीपेक्षा अंगाने बराच मोठा असतो, सुळे लांब असतात. तरीही पुढे झाली ती सर्वांत दुबळी दिसणारी जोडी. हर्डींनी याचं कारण नात्यात शोधलं. म्हाताऱ्या मादीला स्वतःचं पिल्लू होण्याची शक्यता फारशी उरलेली नसते, पण टोळीतली पिल्लं तिच्या मुलींची, भाच्यांची, नातींची असतात. तिला गमावण्यासारखं थोडं आणि राखण्यासारखं पुष्कळ असतं.

पण असा बचाव बहुधा काही दिवसच टिकतो. नराला रोज पहाट ते संध्याकाळ संधी असते, आयांना मात्र एक क्षणही गाफील राहून चालत नाही. म्हणून माद्यांचे दुसरेही उपाय दिसतात. आधीच गाभण असलेली मादी नव्या नरासमोर मान थरथरवून, पाठ करून संयोगासाठी बोलावते. तिला आता गर्भ राहणार नसतो. पण पुढे जन्मणारं पिल्लू आपलं असेल, अशी शक्यता त्या नरासाठी तयार होते. वानरमादीच्या अंगावर माजाची कोणतीही ठळक खूण नसते. काही मकाक आणि बबून माद्यांसारखी तिची मागची बाजू फुगून लाल होत नाही. त्यामुळे नराला खात्री कधीच मिळत नाही. २००१ साली नेपाळमधल्या टोळ्यांच्या संप्रेरकांच्या तपासणीत असं आढळलं की मादी कित्येक दिवस संयोगाला तयार असते, त्यातल्या नेमक्या कोणत्या दिवशी बीज सुटतं ते नरांना ओळखता येत नाही, आणि टोळीतल्या दुय्यम नरांनाही बऱ्यापैकी पिल्लं होतात.

आतापर्यंत लाजाळू, निष्क्रिय म्हणून लिहिलेली मादी इथे बाप कोण याचा गोंधळ टिकवून पिल्लाला वाचवताना दिसते. हर्डींचं १९७७ चं अबूच्या वानरांवरचं पुस्तक नर आणि मादी दोघांच्या डावपेचांवर आहे, आणि माझ्या वाचनात त्यातला मादीचा भाग काळाच्या कसोटीवर जास्त खरा उतरला आहे.

आक्षेप, आणि त्यांचं मोल

हर्डींचं म्हणणं सहज मान्य झालं नाही. सर्वांत ठाम विरोध फिलिस डॉलिनाऊ यांचा होता. लग्नाआधीच्या फिलिस जे त्याच. कौकोरी आणि ओरछाच्या शांत टोळ्या त्यांनीच पाहिल्या होत्या. १९७८ मध्ये रिचर्ड कर्टिन यांच्यासोबत लिहिताना त्यांचा मुद्दा असा होता की धारवाड, अबू, जोधपूर या तिन्ही जागा माणसाच्या वावराने बिघडलेल्या आहेत. तिथलं वागणं उत्क्रांतीने घडवलेलं मानणं घाईचं आहे. दुसरा आक्षेप १९९३ मध्ये थॅड बार्टलेट, रॉबर्ट ससमन आणि जेम्स चेव्हरूड यांनी नोंदलेली प्रकरणं एकेक करून तपासल्यावर आला. नराने पिल्लू मारताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं, अशी प्रकरणं थोडी होती. बऱ्याच ठिकाणी नर बदलला आणि पिल्लू दिसलं नाही, एवढीच नोंद होती. नोंदलेल्या प्रकरणांतली मोठी संख्या एकट्या जोधपूरची होती. आणि मारणाऱ्याला पुढे खरोखर पिल्लं झाली का, हे तर कोणीच दाखवलेलं नव्हतं.

हे आक्षेप मला अडथळ्यासारखे वाटत नाहीत. नेमकं काय सिद्ध करायचं आहे ते त्यांनी ठरवून दिलं. तीन गोष्टी हव्या होत्या: माणसाने न पोसलेलं जंगल, मारणारा नर त्या पिल्लाचा बाप नसल्याचा पुरावा, आणि त्याच मादीचं पुढचं पिल्लू त्याचंच असल्याचा पुरावा.

तिन्ही गोष्टी दक्षिण नेपाळमधल्या रामनगरच्या सालाच्या जंगलात एकत्र मिळाल्या. तिथल्या वानरांना कोणी खाऊ घालत नव्हतं आणि पुष्कळ टोळ्यांत एकाहून जास्त नर होते. म्हणजे हर्डींच्या विचाराची तिथे जास्त कठीण परीक्षा होती, कारण अनेक नर असताना बाप कोण हे नुसतं पाहून सांगता येत नाही. कॅरोला बोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वानरांना न पकडता, त्यांच्या विष्ठेतून डीएनए काढून नाती लावली. १९९९ मध्ये निकाल आला. तपासलेल्या सोळाच्या सोळा प्रकरणांत हल्ला करणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता. आणि ज्या पाच प्रकरणांत पुढचं पिल्लू तपासता आलं, त्या पाचही ठिकाणी संशयित मारेकरीच त्याचा बाप असण्याची शक्यता दिसली. त्याच जंगलातल्या दुसऱ्या अभ्यासात पिल्लांचा बचाव करणारे नर तपासले. ते एक तर बाप होते किंवा निदान गर्भ राहिला तेव्हा टोळीत असलेले नर होते.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही की एका मुठीएवढ्या विष्ठेने पस्तीस वर्षांचा वाद पुष्कळसा मिटवला, आणि तेही एकाही वानराला हात न लावता. सुगियामांना नर पकडावा लागला होता.

दरम्यान इतर प्राण्यांतही हेच दिसू लागलं होतं. सेरेंगेटीतल्या सिंहांमध्ये नवे नर कळपात आले की बछडे मारतात, हे १९७०च्या दशकात ब्रायन बर्ट्रम यांनी मांडलं. इथिओपियाच्या सिमियन पर्वतातल्या गेलाडा माकडांत तर नर बदलला की गाभण माद्यांपैकी सुमारे ८० टक्के माद्यांचा गर्भ काही आठवड्यांतच पडतो, असं २०१२ मध्ये आढळलं; जन्मल्यावर मरणाऱ्या पिल्लावर शक्ती घालवण्यापेक्षा आधीच थांबणं मादीला कमी तोट्याचं. २०१४ मध्ये डीटर लुकास आणि एलिझ उशार यांनी सस्तन प्राण्यांच्या २६० जातींची माहिती एकत्र केली. त्यांतल्या ११९ जातींत नरांकडून पिल्लूहत्या नोंदलेली होती. थोडे नर अनेक माद्यांवर ताबा मिळवतात तिथे ती जास्त, आणि माद्या अनेक नरांशी संयोग करू लागतात तिथे ती उत्क्रांतीच्या ओघात मागे पडते. सोल आणि पॉलेसच्या टोळीत मादीच्या ज्या डावपेचांचा अंदाज बांधला होता, तो इतक्या मोठ्या पटावर पुन्हा दिसला.

सगळं सुटलेलं मात्र नाही. प्रत्येक वेळी नर बदलला म्हणजे पिल्लं मरतातच असं नाही. जोधपूरच्या दीर्घ नोंदींतही काही बदल पिल्लांना धक्का न लागता पार पडलेले आहेत. कोणता नर मारतो आणि कोणता नाही, हे अजून कोणी आधी सांगू शकत नाही. आणि फिलिस जे यांच्या शांत टोळ्याही खऱ्याच होत्या. अनेक नरांच्या टोळीत ताबा एका रात्रीत बदलत नाही, म्हणून तिथे काही महिने राहिलेल्या माणसाला पिल्लूहत्या न दिसणं अगदी शक्य आहे.

आपल्याकडचा संबंध

हे प्रकरण मी मराठीत लिहायला घेतलं त्याचं कारण कोकणातल्या आणि विदर्भातल्या गावांत आहे. वानरांनी केळी, नारळ, भाजीपाला, कौलं यांचं जे नुकसान चालवलं आहे ते खरं आहे. ज्याची बाग जाते त्याला वानरांबद्दल प्रेमाने बोल असं सांगण्यात अर्थ नाही. त्यावर सगळ्यांत आधी सुचणारा उपाय म्हणजे त्रास देणारा मोठा हुप्प्या पकडून लांब नेऊन सोडणं. टोळीत सर्वांत आधी नजरेत भरतो तोच, अंगावर येतो तोच, म्हणून तक्रारही त्याचीच होते.

पण एकच नर असलेल्या टोळीतून तो नर काढणं म्हणजे सुगियामांचा धारवाडचा प्रयोग पुन्हा करणं. जागा रिकामी राहत नाही. बाहेर हिंडणारा जथा किंवा शेजारचा नर येतो, काही दिवस ते काही आठवडे मारामाऱ्या चालतात, टोळी बिथरते, आणि अंगावरची पिल्लं जाण्याची दाट शक्यता असते. ज्यांची पिल्लं गेली त्या माद्या लवकर गाभण राहतात, त्यामुळे संख्याही फारशी घटत नाही. विजेच्या तारेला चिकटून किंवा गाडीखाली येऊन हुप्प्या मेला तरी हेच. बागेचं नुकसान करते ती सगळी टोळी. नर बदलल्याने तिचं पोट बदलत नाही.

अर्थ लावण्यातली घाईही आपल्याला नवी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या लऊळ गावची बातमी देशोदेशी गेली. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेतात आणि ती मरतात, असं गावकरी सांगत होते. वानराचं पिल्लू कुत्र्यांनी मारलं म्हणून हा सूड, अशी गोष्ट सगळीकडे पसरली. वनखात्याने दोन वानरं पकडून नेली. सुडापेक्षा मला दुसरी शक्यता जास्त पटते: लहान जीव दिसला की तो उचलून छातीशी धरायची वानरांची ओढ फार प्रबळ असते. वानराचं पिल्लू चारही हातापायांनी केस घट्ट पकडून राहतं. कुत्र्याच्या पिल्लाला तसं पकडता येत नाही, आणि उंचावर त्याला दूधपाणी मिळत नाही. सूड म्हटलं की ऐकणारा थांबतो आणि वानराला शिक्षा देऊन मोकळा होतो, जसं धारवाडच्या घटनेला विकृती म्हणून अनेक जण मोकळे झाले होते.

वानर पकडण्याची तक्रार आली की माझं मागणं थोडं आहे. पिंजरा लावण्याआधी दोन-तीन दिवस टोळी नुसती पाहावी. मोठे नर किती, अंगावर पिणारी काळसर पिल्लं किती, गावाजवळ नरांचा वेगळा जथा हिंडतो आहे का, एवढं वहीत लिहावं. एकच नर असेल आणि पिल्लं अंगावर असतील तर तो नर काढू नये. कचरा, उघड्यावर टाकलेलं अन्न, देवळाबाहेर दिला जाणारा खाऊ यांचा बंदोबस्त आधी करावा. आणि नर गेलाच, पकडून म्हणा वा अपघाताने, तर पुढचे दोन महिने दर आठवड्याला पिल्लांची मोजणी करावी. हे काम वनरक्षक करू शकतो, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक करू शकतात, बागायतदार स्वतःही करू शकतो. त्याला वही, दुर्बीण आणि हुप्प्याचा फाटका कान लक्षात ठेवण्याइतकी सवय पुरते.